उद्यमबागेच्या कामाला ऑनलाइन अभ्यासक्रम कितपत पुरतो?

प्रकल्प व्यवस्थापनाची मूलतत्त्वे शिकवणारा, एका खासगी महाविद्यालयाचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. मी यांत्रिकी पदविकाधारक असून बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नव्या सुट्या भागांच्या विकासाचे काम पाहतो, त्यामुळे हे परीक्षण कारखान्यातल्या माणसाचे आहे, संगणक कंपनीतल्या माणसाचे नव्हे. या अभ्यासक्रमातील नियोजनाचा भाग इतका चांगला आहे की शुल्क तेवढ्यावरच वसूल होते. उरलेल्या भागात मात्र आमच्याकडच्या कामाचा विचार फारसा झालेला नाही, आणि प्रमाणपत्राबद्दल जाहिरातीत जे सांगितले जाते ते तपासून घेण्याची गरज आहे.

अभ्यासक्रमाची मांडणी सरळ आहे. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, दर आठवड्याला एक छोटी चाचणी, शनिवारी संध्याकाळी थेट तास आणि अखेरीस स्वतः निवडलेल्या प्रकल्पाचा आराखडा. लहान कारखान्यांत शनिवारची संध्याकाळ पगारवाटपाची असते, हे वेळापत्रक ठरवणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसावे. सुदैवाने त्या तासांचे ध्वनिचित्रमुद्रण नंतर पाहता येते. शिकवण्याची भाषा इंग्रजी आहे, पण प्राध्यापकांचे बोलणे संथ आणि स्पष्ट असल्याने खानापूर किंवा निपाणीच्या मराठी शाळेतून दहावी होऊन पुढे पदविका केलेल्या मुलांना ते जड जाऊ नये.

पाठ्यसाहित्य अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या १९६९ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या सहाव्या, म्हणजे २०१७ सालच्या आवृत्तीवर बेतलेले आहे. त्या आवृत्तीत ५ प्रक्रियागट आणि ४९ प्रक्रिया होत्या. २०२१ च्या सातव्या आवृत्तीने ती मांडणी बाजूला ठेवून १२ तत्त्वे पुढे आणली. जुन्या आवृत्तीवर शिकवतात म्हणून काहीजण नाक मुरडतील, परंतु नवशिक्याला आधी तत्त्वे ऐकवण्यापेक्षा कोणत्या कामानंतर कोणते काम येते हे दाखवलेले बरे, असे माझे मत आहे. त्या ४९ प्रक्रियांपैकी २४ एकट्या नियोजनाच्या आहेत आणि अभ्यासक्रमानेही आपला निम्मा वेळ नियोजनालाच दिला आहे.

सर्वांत उपयोगी पाठ वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चरचा, म्हणजे संपूर्ण कामाची फोड करून दाखवणाऱ्या आराखड्याचा आहे. फोड करताना कृती न लिहिता हाती येणारी वस्तू लिहावी, आणि खालच्या पातळीवरील सर्व भागांची बेरीज वरच्या कामाच्या शंभर टक्के भरली पाहिजे, या दोन नियमांवर प्राध्यापकांनी इतका भर दिला आहे की पहिल्या गृहपाठात जवळजवळ सर्वांचे आराखडे परत आले. हा आग्रह योग्यच म्हणावा लागेल. आमच्याकडे नव्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागाचे, काम आले की यादी पॅटर्नपासून, म्हणजे साच्यासाठीच्या लाकडी नमुन्यापासून, सुरू होते आणि डिस्पॅचवर संपते. मापे तपासायचे गेज, धातूच्या चाचणीचा दाखला, गंज लागू नये म्हणून करायचे पॅकिंग या गोष्टी त्या त्या दिवशी आठवतात आणि मग धावपळ होते. शंभर टक्क्यांच्या नियमाने पाहिले की या वस्तू कागदावर आपोआप दिसू लागतात, कारण पार्टीच्या, म्हणजे ग्राहकाच्या, हाती जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला आराखड्यात घर द्यावे लागते.

त्यानंतरचा पाठ क्रिटिकल पाथचा, म्हणजे पूर्ण कामाचा कालावधी ठरवणाऱ्या सर्वांत लांब साखळीचा. ही पद्धत १९५७ च्या सुमारास ड्युपॉन्ट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी मिळून विकसित केली आणि १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून पर्ट ही तिची भावंड पद्धत पुढे आली. हा इतिहास दोन वाक्यांत आटोपून प्राध्यापक थेट गणिताकडे वळतात, हे मला आवडले. गृहपाठात मी आमच्या नेहमीच्या कामाचेच उदाहरण घेतले. ड्रॉइंग मंजूर झाल्यावर पॅटर्नला २० दिवस, सॅम्पल कास्टिंग आणि फेटलिंगला (ओतीव भागाच्या साफसफाईला) ६, मशीनिंगला ५ आणि तपासणीला ३, असे ३४ दिवस होतात. मशीनिंगचे फिक्श्चर, म्हणजे भाग पकडून ठेवणारे साधन, १५ दिवसांचे आहे, पण ते पॅटर्नच्या बरोबरीने पहिल्याच दिवशी सुरू करता येते आणि ते लागते २६ दिवसांनी. म्हणजे त्याच्यापाशी ११ दिवसांची सवड, ज्याला फ्लोट म्हणतात, शिल्लक राहते. प्रत्यक्षात कारखान्यात आरडाओरडा होतो तो फिक्श्चरसाठी, कारण ते आमच्याच टूलरूममध्ये सर्वांच्या डोळ्यांसमोर तयार होत असते. पॅटर्न बाहेरच्या पॅटर्नमेकरकडे असल्याने त्याच्यामागे आठवड्यातून एखादा फोन जातो, आणि तरीही तिथे उशीर झालेला एकेक दिवस पार्टीच्या तारखेतून थेट वजा होतो. सुपरवायझरचे लक्ष कुठे असायला हवे, हे इतक्या थेटपणे मला आजवर दुसऱ्या कशाने सांगितले नव्हते.

पॅटर्नचे २० दिवस आले कुठून, याचेही उत्तर अभ्यासक्रमात आहे. सर्व सुरळीत झाल्यास १४, बहुधा १८ आणि सगळेच अडले तर ३४ दिवस, असे तीन अंदाज घेऊन मधल्याला चौपट वजन द्यायचे आणि बेरजेला सहाने भागायचे. हे सूत्र पर्टमधलेच आहे. पॅटर्नमेकरला एकच तारीख विचारली तर तो आपल्याला खूश करणारी तारीख देतो. तीन विचारल्या की नाइलाजाने लाकडाची, कारागिराची आणि आधीच घेऊन ठेवलेल्या कामांची खरी हकीकत सांगतो. सूत्रापेक्षा हा संवाद अधिक मोलाचा आहे, परंतु व्याख्यानात त्याचा उल्लेख नाही.

खर्च आणि प्रगती यांचा एकत्र हिशेब सांगणारे अर्न्ड व्हॅल्यूचे प्रकरण मात्र घाईत उरकले आहे. समजा ४,००,००० रुपयांच्या कामात आजपर्यंत २,००,००० रुपयांचे काम व्हायला हवे होते, प्रत्यक्ष झाले १,६०,००० रुपयांचे आणि त्यावर खर्च पडला १,८०,००० रुपये. तर वेळेचा निर्देशांक (झालेले काम भागिले व्हायला हवे होते ते काम) ०.८ आणि खर्चाचा (झालेले काम भागिले खर्च) सुमारे ०.८९ येतो, आणि हीच गती राहिली तर पूर्ण काम ४,५०,००० रुपयांवर जाईल असा अंदाज निघतो. मालकांपुढे ठेवण्यासारखा याहून चांगला कागद नाही. पण झालेल्या कामाचे मूल्य ठरवायचे कसे, अर्धवट कास्टिंगला किती गुण द्यायचे, हा खरा अवघड प्रश्न एका स्लाइडमध्ये संपवला आहे. या प्रकरणाला आणखी एक आठवडा मिळायला हवा होता.

उदाहरणांची निवड हा अभ्यासक्रमाचा सर्वांत कच्चा दुवा आहे. जवळजवळ सर्व उदाहरणे मोबाइल ॲप किंवा संकेतस्थळ बनवणाऱ्या परदेशी कार्यालयांतील आहेत, जिथे शनिवार-रविवार सुट्टी आणि नाताळ हाच काय तो मोठा खंड असतो. आमच्या दिनदर्शिकेत गणेशोत्सव आहे, १ नोव्हेंबरची कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी आहे, उत्तरेकडील मोल्डर (साचे भरणारे कारागीर) छठपूजेला गावी जातात तो काळ आहे, आणि पावसाळ्यात गोव्याकडे जाणारा माल चोर्ला घाटात अडकण्याची शक्यताही आहे. जोखमींच्या नोंदवहीचा तक्ता व्यवस्थित शिकवला आहे, परंतु तो भरून दाखवताना वापरलेल्या जोखमी आमच्या कामाच्या नाहीत. त्या ज्याने त्याने आपल्या घालायच्या.

संवादाच्या नियोजनाबद्दलही असेच म्हणावे लागते. माणसे वाढली की परस्परसंपर्काचे मार्ग किती झपाट्याने वाढतात, पाच जणांत १० आणि दहा जणांत ४५, हे गणित छान समजावले आहे. पण बेळगावच्या कारखान्यात सुपरवायझर मराठी, मोल्डर हिंदी, सरकारी कार्यालयाचा पत्रव्यवहार कन्नड आणि पार्टीचे ईमेल इंग्रजी अशी स्थिती असते, आणि कोणता निरोप कोणत्या भाषेत लेखी द्यायचा हे ठरलेले नसेल तर तक्ता कितीही सुबक असला तरी ड्रॉइंगमधला बदल मोल्डिंगपर्यंत पोहोचत नाही. मी अंतिम आराखड्यात भाषेचा वेगळा स्तंभ घातला. परीक्षकांनी त्यावर बरा शेरा दिला, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

२००१ साली जाहीरनाम्याद्वारे नाव मिळालेल्या ॲजाइल पद्धतीवर शेवटचा दीड आठवडा आहे. दर दोन आठवड्यांनी ग्राहकाला काहीतरी चालते दाखवायचे, ही कल्पना सॉफ्टवेअरला शोभते. ओतलेल्या लोखंडाला तितकीशी नाही. तरीही रोजची दहा-पंधरा मिनिटांची उभ्याने घ्यायची बैठक आणि भिंतीवरचा कामांचा फलक या दोन गोष्टी कुठल्याही शॉपफ्लोअरवर चालण्यासारख्या आहेत.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत प्रात्यक्षिक मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टवर दिले जाते आणि ते विकत घ्यावे लागते. प्रोजेक्टलिब्रे आणि गँटप्रोजेक्ट ही मोफत साधने शिकणाऱ्याला पुरेशी आहेत, त्यांत आपल्या सुट्ट्याही भरता येतात. अभ्यासक्रमाने त्यांचे नावही घेऊ नये हे खटकते.

आता प्रमाणपत्र. जाहिरातीत हा अभ्यासक्रम सीएपीएम या, प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्याच प्राथमिक पातळीवरील प्रमाणपत्र परीक्षेची संपूर्ण तयारी म्हणून सांगितला जातो. त्या परीक्षेला बसण्यासाठी प्रकल्प व्यवस्थापनाचे २३ तासांचे शिक्षण लागते, आणि तासांची ती अट येथे पूर्ण होते. परंतु २०२३ पासून लागू झालेल्या तिच्या आराखड्यात २७ टक्के भार बिझनेस ॲनालिसिसवर, म्हणजे ग्राहकाच्या गरजा शोधून त्या नेमक्या लिहिण्यावर आहे, आणि या अभ्यासक्रमात त्याला जेमतेम एक व्याख्यान मिळाले आहे. तेवढ्यावर परीक्षेचे शुल्क भरणे शहाणपणाचे होणार नाही. केवळ ज्ञान हवे असलेल्यांना एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींसारख्या संस्थांच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे, व्यवस्थापनविषयक अभ्यासक्रम स्वयम या सरकारी मंचावर विनाशुल्क पाहता येतात. तिथे पैसे लागतात ते ऐच्छिक परीक्षेसाठी, जी केंद्रावर जाऊन द्यावी लागते. गृहपाठ तपासून शेरा देणारा माणूस मात्र तिथे सहसा मिळत नाही, आणि माझ्या दृष्टीने या महाविद्यालयाचे शुल्क त्या शेऱ्यांसाठीच आहे.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: प्रमाणपत्रावर शिक्षणाचे तास छापले जातात का, आणि अंतिम आराखडा कोण, किती दिवसांत तपासून देतो. आमच्या तुकडीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक होते. तासांचा उल्लेख असलेले प्रमाणपत्र मात्र वेगळा अर्ज केल्यानंतरच मिळाले.