कुर्द स्त्रियांचा लढा : सुरुवात रणांगणापासून करावी की ‘माला जिन’पासून?

कुर्द स्त्रियांच्या लढ्यावर व्याख्यान द्यायचे किंवा लेख लिहायचा ठरवला की बहुतेकांची पावले उत्तर सीरियातील रोजावा या कुर्दबहुल भागाकडे वळतात, आणि तेथे दोन वाटा फुटतात : एक वायपीजे या स्त्रियांच्या सशस्त्र दलाची, दुसरी ‘माला जिन’ या स्त्रीगृहांची. आमच्या अभ्यासमंडळासाठी मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. इसिस म्हणजे काय आणि सीरियातील यादवी कशी पेटली, हे वाचकाला ठाऊक आहे असे धरून चालतो.

पहिल्या वाटेचे बळ मोठे आहे. एप्रिल २०१३ मध्ये वायपीजे स्वतंत्र दल म्हणून उभे राहिले, आणि पुढच्याच वर्षी सप्टेंबरपासून जानेवारी २०१५ पर्यंत तुर्कस्तानच्या सीमेलगतच्या, वेढा पडलेल्या कोबानी शहराच्या गल्लीबोळांत या स्त्रियांनी इसिसला रोखून धरले. कोबानीजवळच्या मिश्तेनूर टेकडीवर वायपीजेच्या आरीन मिरकानने दिलेले प्राण, इसिसचे मुख्य ठाणे असलेल्या रक्क्याच्या मोहिमेचे नेतृत्व करणाऱ्या रोजदा फेलात, आणि त्याही मागे १९७८ मध्ये पीकेके या तुर्कस्तानातील कुर्दांच्या सशस्त्र संघटनेच्या स्थापनेत सहभागी असलेल्या साकिने जान्सिझ : सांगण्यासारखे इतके आहे की श्रोता खिळून राहतो.

माझे मन मात्र छायाचित्रे जमवताना या वाटेवरून उडाले. फुलाफुलांचा रुमाल, खांद्यावरून पुढे आलेली वेणी, हातात रायफल, आणि चित्राखालच्या ओळीत त्या मुलीच्या डोळ्यांचे व हसण्याचे वर्णन. ती कशासाठी लढते याबद्दल अक्षरही नाही. २०१६ मध्ये लढताना मारल्या गेलेल्या आसिया रमजान अंतर या तरुणीला तर मृत्यूनंतरही अनेक बातम्यांनी हॉलीवूडच्या एका नटीच्या नावाने ओळखले, आणि कुर्द कार्यकर्त्यांना त्याविरुद्ध बोलावे लागले. मी चित्रे निवडून निवडून घेतली, तरी व्याख्यानानंतरचे प्रश्न शस्त्रे कोण पुरवते आणि प्रशिक्षण किती दिवसांचे असते, एवढ्यावरच थांबले. एका गृहस्थांनी एक चित्र पुन्हा दाखवायला सांगितले. स्त्रीमुक्ती हा शब्द त्या संध्याकाळी माझ्याखेरीज कोणाच्याही तोंडून निघाला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

काही महिन्यांनी तोच विषय मी दुसऱ्या टोकाने मांडला. पहिले माला जिन २०११ मध्ये रोजावातील कामिश्लो शहरात सुरू झाले. (कुर्दी ‘जिन’ म्हणजे स्त्री, संस्कृतातील ‘जनि’ हा तिचा दूरचा नातलग आहे, हे सांगताच सभागृहातील परकेपणा बराच ओसरला.) मारहाण, मनाविरुद्ध ठरवलेले लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा अशी प्रकरणे घेऊन बाई तेथे येते, बहुधा वडीलधाऱ्या असलेल्या स्त्रिया दोन्ही बाजूंना समोर बसवून ऐकून घेतात, नवऱ्याकडून लेखी हमी घेतात, आणि मिटले नाही तर प्रकरण न्यायालयाकडे जाते. या कामाला नोव्हेंबर २०१४ मध्ये रोजावाच्या जझीरा प्रांतात कायद्याचा आधार मिळाला : वारसाहक्क समान, साक्षीचे वजन समान, बहुपत्नीत्वाला आणि अठरा वर्षांखालील विवाहाला बंदी. तो महिना कोबानीच्या वेढ्याचाच होता, हे माझ्या लक्षात फार उशिरा आले.

या वाटेतही उणिवा आहेत. येथे नाट्य कमी आहे, आणि अरबबहुल भागांत बहुपत्नीत्वावरील बंदी कुर्दबहुल भागांइतकी अमलात येऊ शकली नाही, हे झाकून चालणार नाही. शिवाय बंदुकीवाचून ही घरे टिकली असती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मार्च २०१८ मध्ये रोजावातील आफ्रीन तुर्कस्तान व त्याच्या साथीदारांच्या हाती गेले, तेव्हा तेथील स्त्रियांच्या संस्थाही गेल्या. श्रोते अगदी नवखे असतील आणि हाताशी एकच तास असेल, तर कोबानीपासून आरंभ करणाऱ्याला मी दोष देणार नाही.

पण दुसऱ्या व्याख्यानानंतर मागच्या रांगेतील एका आजींनी विचारले, “आणि त्या नवऱ्याने हमी मोडली तर?” उरलेला सगळा वेळ आम्ही त्याच प्रश्नावर बोललो, वारसाहक्काच्या सह्या आपल्याकडच्या बहिणींकडून कशा घेतल्या जातात, हेही ओघाने निघाले. आता मी सुरुवात नोव्हेंबर २०१४ च्या त्या कायद्यापासून करतो, आणि वेढ्यातले कोबानी त्याच महिन्यात वाटेत येते.