हार्ड डिस्क, क्लाउड की कागद? सांगलीत राहून आपलं लिखाण आणि फोटो जपताना

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पाणी त्याच्या बरंच वर गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये तर ते ५७ फुटांपलीकडे पोचलं. सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं त्या वेळी भिजून वाया गेली. तळमजल्यावरच्या घरांतल्या वह्या, अल्बम आणि कॉम्प्युटरचीही तीच गत झाली. ज्याच्याकडे दहा-पंधरा वर्षांचे लेख, गावाच्या इतिहासाची टिपणं, दिवाळी अंकांसाठी लिहिलेलं आणि हजारो फोटो असा ऐवज आहे, त्याने तो कुठे ठेवायचा हे ठरवताना नदीचा विचार आधी करायला हवा.

बहुतेकांना पहिली काळजी असते चोरीची. फोटोवर नाव टाकू का, कॉपीराइटची नोंदणी करू का, असं विचारणारे खूप भेटतात. आमचं मत असं, की पैसा आणि वेळ आधी साठवणुकीवर घाला. मूळ फाईल हातात असेल तर चोरलेल्या लेखावर हक्क सांगता येतो. एकुलती एक फाईल गेली तर कुठलाच कायदा ती परत आणून देत नाही. शिवाय तारखेसकट जपलेली मूळ फाईल हाच चोरीच्या वेळचा सगळ्यात भक्कम पुरावा असतो.

आधी आकारमान मोजा

युनिकोड म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखीच दिसणारी अक्षरपद्धत. तिच्यात मराठीच्या एका अक्षरचिन्हाला ३ बाइट लागतात. दीड हजार शब्दांचा लेख साध्या मजकुराच्या फाईलमध्ये २५ ते ३० केबीचा होतो, म्हणजे पाचशे लेख १५ एमबीत बसतात. फोनचा एक फोटो मात्र सहज ४-५ एमबीचा असतो. दहा हजार फोटो म्हणजे ४० ते ५० जीबी. गुगल खात्यात फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत आयुष्यभराचं लिखाण मावेल, फोटो मावणार नाहीत. म्हणून या दोन्हींसाठी एकच उपाय शोधू नका.

हार्ड डिस्क

१ टीबीची बाह्य हार्ड डिस्क साधारण पाच हजारांच्या आसपास मिळते. भाव हलत असतात. डिस्कचा फायदा म्हणजे सगळं एकाच वेळी हातात असतं, इंटरनेट लागत नाही आणि महिन्याचं भाडं नसतं. तोटे तीन. चालू असताना टेबलावरून पडली तर आतली फिरती तबकडी आणि वाचणारं हेड एकमेकांना घासतं. कॉपी चालू असताना वीज गेली किंवा केबल उपटली तर फाईल अर्धवट राहते. आणि घरातच असेल तर घरावर येणारं संकट तिच्यावरही येतं. चार-पाच वर्षांनी नवी घ्यायची, हे धरूनच चाला. जुनी चालू असली तरी तिला दुसरी प्रत म्हणून ठेवा.

डिस्क पुराच्या पाण्यात बुडालीच तर ती कॉम्प्युटरला जोडून बघायची नाही. वीज दिली की गाळ अडकलेल्या तबकड्या फिरतात आणि जे वाचलं असतं तेही जातं. उन्हात वाळवायची नाही, तांदळात घालायची नाही. आतला गाळ सुकला की तबकडीला चिकटून बसतो. आहे तशी ओलसर अवस्थेत प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्यायची. हे काम महाग असतं आणि यशाची खात्री नसते.

हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क घ्यावी का? रोजच्या कामाला जरूर घ्या, ती वेगवान आहे आणि पडली तरी सहसा टिकते. पण कपाटात वर्षानुवर्षं ठेवायला ती योग्य नाही. तिच्यातली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता पडून राहिली तर तो भार हळूहळू गळतो. पेनड्राइव्हचंही तेच, त्यातून तो हरवतोही पटकन. पेनड्राइव्ह फाईल प्रेसपर्यंत न्यायला ठीक.

महाबळेश्वर-पाचगणीकडे किंवा साताऱ्याच्या पश्चिम भागात राहणाऱ्यांना पुरापेक्षा दमटपणा छळतो. तिथे डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पावसाळ्यानंतर पुड्या बदला.

क्लाउड

क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर भाड्याने घेतलेली साठवणीची जागा. १०० जीबीसाठी वर्षाला साधारण १,३०० रुपये धरा. चार वर्षांचं भाडं एका डिस्कच्या किमतीच्या जवळपास जातं, आणि डिस्कही चार-पाच वर्षांनी बदलायचीच असते. म्हणजे खर्चाच्या बाबतीत दोन्ही सारखेच. खरा फरक जागेचा. क्लाउडमधली प्रत सांगलीत नसते. पुराच्या दिवसांत नेटवर्क गेलं तर ती चार दिवस दिसणार नाही, पण ती जाणार नाही.

क्लाउडचे धोके वेगळे आहेत. पहिला म्हणजे सिंक (दोन्हीकडच्या फाईली आपोआप सारख्या ठेवणं) आणि बॅकअप (वेगळी राखीव प्रत) यांतला घोटाळा. कॉम्प्युटरवरचं फोल्डर सिंक केलेलं असेल आणि तुम्ही त्यातली फाईल चुकून काढून टाकली, तर ती क्लाउडमधूनही जाते. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, नंतर कायमची नाहीशी. व्हायरसने फाईल बिघडवली तर बिघडलेली फाईलच वर चढते. दुसरा धोका जागा भरण्याचा. गुगलच्या १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही मोजले जातात, अँड्रॉइड फोनचा व्हॉट्सॅप बॅकअपसुद्धा. जागा भरली की नवीन मेल येणंही थांबतं. तिसरा धोका निष्क्रियतेचा. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गुगल खातं त्यातल्या सामानासकट काढून टाकलं जाऊ शकतं. फक्त साठवणीसाठी वेगळं खातं उघडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. गुगल फोटोमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ चालू असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान होतात. मूळ फोटो जपायचे असतील तर ‘ओरिजिनल क्वालिटी’ निवडा.

खात्यातलं सगळं घरी उतरवायला ‘गुगल टेकआउट’ आहे. आधी सगळ्या खुणा काढा, मग फक्त ड्राइव्ह आणि फोटो निवडा, फाईलचा आकार १० जीबी ठेवा. दर दोन महिन्यांनी वर्षभर आपोआप संच तयार करण्याचा पर्यायही तिथेच आहे. तयार झालेल्या संचाची लिंक आठवड्याभरात बंद होते, म्हणून मेल आला की उतरवून घ्या. फोटोंच्या तारखा आणि वर्णनं वेगळ्या जेसन फाईलमध्ये येतात. त्या कचरा समजून उडवू नका, आणि सगळ्या झिप एकाच फोल्डरमध्ये उलगडा.

पुरात फोन आणि सिम दोन्ही गेलं तर ओटीपी कुठे येणार, याचा विचार फार थोडे जण करतात. दोन पायऱ्यांची पडताळणी चालू असेल तर गुगल १० बॅकअप कोड देतं. ते कागदावर छापून दुसऱ्या घरी ठेवा. गुगल खात्याच्या सेटिंगमध्येच ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. ३ ते १८ महिने खातं वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं आणि काय सोपवायचं, ते तिथे नोंदवता येतं. घरातल्या ज्याला तुमच्या लिखाणाची कदर आहे, त्याचं नाव द्या.

कागद

कागदाला पासवर्ड लागत नाही, वीज लागत नाही आणि नातवंडांनाही तो उघडता येतो. पण छापताना लेझर प्रिंटरवरच छापा. साध्या इंकजेटची शाई पाणी लागताच पसरते, लेझरचा टोनर (कोरडी शाई) सहसा पसरत नाही. निवडक पन्नास लेख, दोन प्रती, एक घरी आणि एक परगावी, इतकं पुरे. भिजलेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरू लागते. लगेच वाळवणं शक्य नसेल तर गठ्ठा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे वेळ मिळतो. पानं ओली असताना ओढून सोडवू नका.

कुणी काय निवडावं

गावभाग, खणभाग, सांगलवाडी, दत्तनगर, शामरावनगर अशा पाणी शिरणाऱ्या भागात घर असेल तर क्लाउड आधी घ्या, डिस्क नंतर. डिस्क घ्याल ती विश्रामबाग किंवा मिरजेच्या उंच भागातल्या नातेवाइकांकडे ठेवायची आणि तीन महिन्यांतून एकदा आणून ताजी करायची. उंचावरच्या घरात राहणाऱ्यांना, विशेषतः फोटो शेकडो जीबी असतील तर, दोन डिस्क स्वस्त पडतात. एक घरी, एक दुसऱ्या गावात, आणि क्लाउडमध्ये फक्त लिखाण व निवडक फोटो. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा जगभर चालणारा हिशेब दोन्हीकडे पाळला जातो. मे महिन्यात एकदा बाहेरच्या प्रतीतून कुठल्याही पाच फाईली उघडून बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप हिशेबात धरता येत नाही.

जुन्या फॉन्टचा प्रश्न

मराठीत लिहिणाऱ्यांचं एक नुकसान डिस्क शाबूत असतानाही होतं. श्रीलिपी, कृतिदेव, आकृती किंवा सुरेखसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाईलींत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. तिथे इंग्रजी अक्षरांचे संकेतांक असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट गेला की पानभर निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. शिवाय असा मजकूर शोधता येत नाही, त्यामुळे तो चोरीला गेला तरी सापडत नाही. डीटीपीवाल्याकडची पेजमेकरची (छपाईची पानं लावण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरची) फाईल म्हणजे लेख सुरक्षित आहे असं समजू नका.

असे लेख कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मग एकेक वाचा. चुका ठरलेल्या जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते, म्हणून जोडाक्षरावरची वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. रफार सरकतो. ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’ यांतला ऱ तुटतो. मजकुरात मध्येच इंग्रजी शब्द असतील तर त्यांचीही मराठी खिचडी होते. रूपांतर झाल्यावरही मूळ फाईल टाकू नका.

पीडीएफ दिसायला सुंदर असते, पण तिच्यातून मराठी मजकूर कॉपी केला की काने-मात्रे विस्कटतात. म्हणून प्रत्येक लेखाची वर्ड किंवा साधी मजकूर फाईल आणि पीडीएफ अशा दोन्ही प्रती हव्यात. मजकूर फाईल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना ते पाहा. ‘अन्सी’ निवडलं तर सगळ्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती परत फिरत नाहीत. फाईलचं नाव तारखेपासून सुरू करा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग विषय. दहा वर्षांनीही यादी आपोआप क्रमाने लागते.

हक्क: नोंदणी, मुक्त परवाना की नुसती मूळ प्रत

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेख लिहिला किंवा फोटो काढला की हक्क आपोआप निर्माण होतो. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. नोंदणी सक्तीची नाही. नोंदणीची उपयुक्तता पुराव्यापुरती, कारण नोंदवहीतली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. एका साहित्यकृतीचं शुल्क ५०० रुपये. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, पुढे तपासणीला महिने लागू शकतात. दोनशे लेख सुटे नोंदवले तर एक लाख रुपये होतात. म्हणून नोंदणी पुस्तकरूपी संग्रहासाठी किंवा ज्यातून उत्पन्न येणार आहे अशाच लेखनासाठी करा. स्फुट लेखांसाठी ती परवडत नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्स हा आपलं काम इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणारा तयार परवाना फुकट आहे. नाव देऊन कुणीही वापरावं अशी इच्छा असेल, उदाहरणार्थ गावाच्या इतिहासाची टिपणं किंवा देवळांचे फोटो, तर तो उत्तम. व्यापारी वापर नको असेल तर ‘एनसी’ असलेला प्रकार निवडा. मात्र एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. पुढे पुस्तक काढायचा विचार असेल तर घाई करू नका.

तिसरा मार्ग काहीही न नोंदवता पुरावा तयार ठेवण्याचा आहे आणि बहुतेकांना तोच पुरतो. मूळ फोटो कधीही कुणाला पाठवू नका. बाहेर जाणारी प्रत लांब बाजूला १६०० पिक्सेलपर्यंत लहान केलेली असावी, म्हणजे मोठी फाईल फक्त तुमच्याकडे राहते. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली तारीख-कॅमेऱ्याची माहितीही गळते. प्रेसला द्यायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. कोपऱ्यातलं नाव कापून टाकायला क्षणही लागत नाही, त्यावर विसंबू नका.

महत्त्वाच्या फाईलीचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा अंगठ्याच्या ठशासारखा संकेत, काढून ठेवा. सेव्हन-झिप हे फाईली दाबून ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर फाईलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ निवडा. ६४ अक्षरांची ओळ येते, ती स्वतःला मेल करा. फाईलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ही ओळ बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो, त्यामुळे ही सवय नुसती हौस नाही.

चोरी सापडली तर आधी पत्त्यासह आणि तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, मगच तक्रार करा. उलट केलंत तर पुरावा पुसला जातो. मोठ्या संकेतस्थळांचे स्वतःचे कॉपीराइट तक्रार अर्ज असतात आणि त्यांना नोंदणी प्रमाणपत्र लागत नाही. आपल्या कायद्यात लेखी तक्रारीनंतर ३६ तासांत मजकूर २१ दिवसांसाठी रोखण्याची तरतूद आहे, पण त्या मुदतीत कोर्टाचा आदेश आणावा लागतो. दावा लावायचा झाला तर तुम्ही राहता त्या जिल्ह्यात लावता येतो, चोर कुठलाही असला तरी.

फोटो काढणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. लग्नाचे फोटो स्वतःच्या संग्रहात वापरायचे असतील तर आधीच लिहून घ्या. दिवाळी अंकाला लेख देतानाही सोबतच्या पत्रात ‘फक्त या अंकात एकदा छापण्याची परवानगी’ एवढं एक वाक्य घाला आणि त्या पत्राची प्रत लेखाच्याच फोल्डरमध्ये ठेवा.