सदाशिव पेठेतला मायक्रोबायोलॉजीचा क्लास – टॉक्सिनसाठी तरी नक्की लावा

मी हडपसरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, एमएस्सी एन्ट्रन्ससाठी जूनपासून हा संध्याकाळचा क्लास लावला. ड्युटी संपवून बसने स्वारगेट आणि तिथून चालत, पोचेपर्यंत जीव जातो पण तरी एकही लेक्चर बुडवलं नाही.

कॉलेजात कॉलरा टॉक्सिन (कॉलऱ्याच्या जंतूचं विष) म्हणजे ए भाग एक, बी भाग पाच, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, बास, पाठ करा आणि लिहा. इथे मॅडमनी एकीच्या डब्यातला मेदूवडा मागून घेतला आणि भोकात उदबत्तीची काडी खोचली. वडा म्हणजे बीच्या पाच तुकड्यांचं कडं, त्याचं काम आतड्यातल्या पेशीवरच्या जीएम1 नावाच्या रेणूला चिकटायचं, आणि खरं विष ती काडी, म्हणजे ए. मग पेशी हे सगळं आत ओढून घेते आणि इथून पुढे मॅडम तासभर फक्त रस्त्यावर बोलल्या. पेशीचा माल, म्हणजे प्रोटीनं, ईआर या पेशीतल्या कारखान्यामधून गॉल्जी या पाठवणीच्या खोलीत आणि तिथून बाहेर जातो, हे टॉक्सिन त्याच रस्त्याने उलटं, गॉल्जीतून ईआरमध्ये. काडीच्या शेपटाला केडीईएल अशी चार अमिनो आम्लांची खूण असते, पेशी स्वतःची ईआरमधली प्रोटीनं परत आणायला जी वापरते तशीच! ईआरमध्ये काडीचा विषारी तुकडा सुटा होऊन उलगडतो, पेशीला वाटतं बिघडलेलं प्रोटीन आहे म्हणून ती त्याला सायटोसोलमध्ये, म्हणजे पेशीच्या आतल्या द्रवात, टाकते, तिथे खरं तर त्याचा चुराच व्हायचा पण त्याच्यात लायसीन हे अमिनो आम्ल इतकं कमी की युबिक्विटिनचा, म्हणजे 'मोडीत काढा' असा, शिक्का बसायला जागाच नाही, मग तो परत घडी घालून उभा राहतो आणि जी प्रोटीन हे पेशीतलं बटण चालूच ठेवतो, म्हणून सायक्लिक एएमपी वाढतो. क्लोराइड बाहेर, मागोमाग पाणी. 1959 साली कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यात हे विष दाखवलं, तेही मॅडमनी आवर्जून सांगितलं.

मी विचारलं, मॅडम मग ओआरएस शोषलं कसं जातं? त्यांनी खडू खाली ठेवला, म्हणाल्या उद्या यावरच बोलू, आणि खरंच दुसऱ्या दिवशी पाऊण तास दिला. सोडियम आणि ग्लुकोज एकत्र आत घेणारं दार वेगळं, टॉक्सिन त्याला हात लावत नाही, म्हणून मिठासोबत साखर. आजीला जुलाब झाले होते तेव्हा मी रात्रभर चमच्या-चमच्याने मीठसाखरेचं पाणी पाजलं होतं, साखर चवीला असते असंच समजत होते. ते ऐकताना डोळ्यात पाणी आलं.

डिप्थीरियाचं टॉक्सिनही छान झालं, ते ईआरपर्यंत जातच नाही, एंडोसोम म्हणजे पेशीने आत ओढलेली पिशवी, तिच्यामधल्या आम्लाने आकार बदलून तिथल्याच भिंतीला भोक पाडून बाहेर येतं आणि ईएफ2 हा प्रोटीन बनवणीतला मदतनीस बंद पाडून प्रोटीन बनणंच थांबवतं.

तक्रारी आहेत. नोट्सच्या झेरॉक्स इतक्या फिकट की आकृतीतले बाण दिसत नाहीत, आणि इथे बाणच तर महत्त्वाचे. गाडी लावायला जागा नाही. शेवटच्या दोन बाकांवरून फळा दिसत नाही, लवकर जाऊन पुढे बसा. आणि टिटॅनस पंधरा मिनिटात उरकला! मज्जातंतूच्या टोकातून शिरून आतल्या आत पार पाठीच्या कण्यापर्यंत जाणारं टॉक्सिन, सगळ्यात लांबचा प्रवास त्याचा, आणि पोर्शन संपवायचा म्हणून घाई. मॅडम, पुढच्या बॅचला त्याला पूर्ण लेक्चर द्या, मी परत येऊन बसेन.