जुन्या मॅन्युअल लेन्स: पावसाळ्यासकट वापरून झाल्यावर

माझा कॅमेरा सोनीचा, आरसा नसलेला (मिररलेस) आणि क्रॉप सेन्सरचा, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या 'फुल फ्रेम'पेक्षा लहान सेन्सरचा. त्यावर बरेच महिने झेनिट या रशियन कॅमेऱ्यांच्या घराण्यातल्या दोन लेन्स चालवतोय: हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२) आणि झेनिटार १६ मिमी फिशआय (रेघा वाकवून खूप रुंद दृश्य घेणारी). दोन्ही एम४२, म्हणजे कॅमेऱ्यावर आट्यांनी बसणाऱ्या माउंटच्या, त्यामुळे एकाच साध्या ॲडॅप्टरवर भागतं. मेनूत 'लेन्सशिवाय शटर' चालू करायला मात्र विसरू नका, नाहीतर कॅमेरा ढिम्म हलत नाही.

एकच घ्यायची असेल तर हेलिओस. क्रॉपवर ती साधारण ८७ मिमीसारखी दिसते, माणसांच्या फोटोंना अगदी योग्य. मात्र मागची पानं गरगर फिरल्यासारखी दिसण्यासाठी ही घेणार असाल तर आधी हे ऐका: तो परिणाम फ्रेमच्या कडांना जास्त असतो आणि क्रॉप सेन्सर नेमक्या त्याच कडा कापतो. थोडाफार दिसतो, एवढंच. ॲपर्चरला (प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाला) दोन रिंगा आहेत. एकीवर आकडा ठरवायचा, पूर्ण उघडून फोकस करायचं, मग दुसरी फिरवून ठरवलेल्या आकड्यावर बंद करायचं. हाताला सवय झाली की मजा येते. लग्नाच्या ऑर्डरला मात्र नकोच. वरमाला काही आपल्यासाठी थांबत नाही.

कास पठारावर नेलीत तर अडचण जवळच्या फोकसची. हेलिओस अर्ध्या मीटरच्या आत येत नाही, आणि तिथली सीतेची आसवं ही फुलं केवढीशी! लेन्स थोडी पुढे नेऊन जवळचा फोकस देणाऱ्या एम४२च्या एक्स्टेंशन रिंगा स्वस्त मिळतात, त्या घ्याच. सूर्य समोर असला की चित्र पांढुरकं पडतं. हूड (लेन्सपुढे सावली धरणारं कडं) लावल्यावर बराच फरक पडतो.

झेनिटारबद्दल माझं मत जरा कडक आहे. १८० अंशांचा कोन फुल फ्रेमवर मिळतो, तोही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. क्रॉपवर उरते ती वाकलेल्या रेघांची वाइड लेन्स. अपवाद साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर. तळाशी उतरून कॅमेरा वर धरला की अष्टकोनी तोंड आणि पायऱ्यांची बाजू एकाच फ्रेममध्ये बसते, आणि विहिरीच्या भिंतींना वाकलेल्या रेघा शोभतात. अजिंक्यताऱ्यावरून सातारा शहर घेताना क्षितिज फ्रेमच्या बरोबर मधोमध ठेवायचं, म्हणजे ते सरळ राहतं. पेलेंग ८ मिमी या गोल चित्र देणाऱ्या फिशआयच्या मोहात पडू नका: क्रॉपवर तिचं वर्तुळ वरखाली कापलं जातं, ना धड गोल ना धड चौकोन.

घेताना लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे धागे बघा, ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का तेही. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. माझ्या दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत होत्या. अजून स्वच्छ आहेत. निळं जेल गुलाबी झालं की गरम करून पुन्हा वापरता येतं.

निकॉनचा डीएसएलआर असणाऱ्यांनी आधी माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर बघावं. एम४२चं ४५.४६ मिमी, निकॉनचं ४६.५. काच नसलेल्या ॲडॅप्टरवर अनंतावर फोकस होत नाही, म्हणजे सज्जनगड दुरून धूसरच येणार.