खेळाचं नाव: नुसता टीएम की पक्की नोंदणी?

लातूर-नांदेडकडे बसून टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायचा खेळ) लिहिलाय, पहिल्या शंभर प्रती छापायच्यात. आता नावाचं काय?

नावापुढे टीएम (ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारचिन्ह) लिहायला अर्ज लागत नाही, फी लागत नाही. तो फक्त ‘हे नाव माझं’ असा दावा. वर्तुळातला आर, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, मात्र प्रमाणपत्र हाती आल्यावरच. नुसता अर्ज क्रमांक मिळाला म्हणून तो छापला, तर ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १०७ चा भंग होतो.

खरा फरक कळतो तो कुणी नाव उचललं की. नुसता दावा असेल तर ‘पासिंग ऑफ’चा (दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवल्याचा) खटला भरावा लागतो: बाजारात नावाची ओळख आहे, समोरच्यामुळे गिऱ्हाईक फसतंय आणि त्यात आपलं नुकसान आहे, हे तिन्ही सिद्ध करायचं. शंभर प्रती विकणाऱ्याचं घोडं पहिल्याच मुद्द्यावर अडतं. नोंदणी असली तर ओळख सिद्ध करत बसावं लागत नाही. शिवाय कलम १३४ मुळे तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात खटला भरता येतो. नक्कल बंगळूरची असली तरी लातुरातून लढता येतं. आमच्या मते नोंदणीचे पैसे इथेच वसूल होतात.

तरी दावा अगदीच पोकळ नाही. कलम ३४ तुमच्या आधीच्या, सलग वापराला नंतरच्या नोंदणीधारकापासून संरक्षण देतं. पण पुरावा हवा: छापखान्याचं तारखेचं बिल, विक्रीच्या पावत्या. हे पहिल्या दिवसापासून जपा.

नोंदणीचा खर्च: व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर वर्गामागे (मालाच्या प्रत्येक प्रकारामागे) ४,५०० रुपये. पेटीतला खेळ वर्ग २८, छापील नियमपुस्तक १६, डाउनलोडची पीडीएफ ९. तिन्हींचे १३,५०० होतात. हात आखडता असेल तर जे आज विकताय तेवढाच वर्ग घ्या. आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या (नोंदणी कार्यालयाच्या) संकेतस्थळावर उच्चारानुसार शोध घ्या, तो फुकट आहे. मग टीएम-ए हा नोंदणीच्या अर्जाचा फॉर्म भरा. देवनागरी नावाचं रोमन लिप्यंतर आणि अर्थ अर्जातच द्या. विक्री सुरू असेल तर ‘वापर प्रस्तावित’ लिहू नका. पहिल्या वापराची तारीख द्या, सोबत प्रतिज्ञापत्र आणि बिलं जोडा. ती तारीख नंतर मागे नेणं फार अवघड.

अर्ज बुडतात ते बहुधा दुर्लक्षाने. रजिस्ट्रीच्या तपासणी अहवालाला महिन्याभरात उत्तर गेलं नाही, की अर्ज सोडून दिल्याचं धरतात. रजिस्ट्रीच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये नाव छापून आल्यावर चार महिने कुणीही विरोध करू शकतो. ‘साहसखेळ’सारखं वर्णनात्मक नाव अडतं, ‘देवगिरी’सारख्या नुसत्या स्थळनावावरही आक्षेप येऊ शकतो. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं चालते.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या प्रसिद्ध रोल-प्लेइंग गेमचे नियम वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा. २०२३ मध्ये त्याच्या पाचव्या आवृत्तीचा ५.१ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली खुला झाला, खेळाचं नाव नाही. वेष्टनावर ‘पाचव्या आवृत्तीशी सुसंगत’ एवढंच लिहा.