माहीम: बुधवारची नोव्हेना की मखदूम बाबांचा दर्गा?

परधर्माची भक्ती जवळून समजून घ्यायची असेल, तर मुंबईत माहीमला या. सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे मेरीमातेची खास प्रार्थना, होते. मेणाची घरं, हातपाय, बाळं घेऊन हिंदू-मुसलमानही रांगेत उभे असतात. नवस आपल्याला परका नाही, त्यामुळे पहिल्यांदा जाणाराही इथे अवघडत नाही.

दर्गा मात्र विचार करायला लावतो. मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे कुराणाचे भाष्यकार आणि सूफी तत्त्वचिंतक इब्न अरबींच्या परंपरेतले विद्वान. खरं अस्तित्व एकच, बाकी सारं त्याचंच प्रकटणं, हे त्या परंपरेचं सूत्र. मराठी माणसाला इथे ज्ञानेश्वरांचा चिद्विलास, म्हणजे सारं विश्व हा एकाच चैतन्याचा खेळ, आठवणारच. पण ‘सगळं एकच’ म्हणायची घाई नको; माहिमींचा पाया कुराण आहे, तो सोडला तर ते आपल्याला कळलेच नाहीत. (उरुसात पहिली चादर मुंबई पोलिसांची असते, हे मला फार मोलाचं वाटतं.)

माणसं एकत्र येताना पाहायची तर बुधवार गाठा. गूढवाद समजून घ्यायचा असेल तर मी दर्गाच सुचवेन, गुरुवारची गर्दी टाळून, सकाळी.