चिखलात जाणाऱ्या गाडीला रंग कोणता? पांढरा, वाळूचा, राखाडी, काळा की भडक

जुनी थार, जिप्सी किंवा बोलेरो रंगवायची ठरली की पहिल्यांदा शेडकार्ड उघडलं जातं. त्याआधी एवढं ठरवा: चरा पडल्यावर तेवढाच भाग दुरुस्त होईल असा रंग हवा, की सोसायटीच्या गेटवर माना वळतील असा? रानातल्या कारवीच्या झुडपांतून जाणाऱ्या गाडीला दोन्ही एकत्र फार क्वचित मिळतं.

म्हणून लाल की निळा याच्या आधी सॉलिड (नुसता रंग) की मेटॅलिक (धातूचे चमकते कण असलेला) हे बघायचं. सॉलिड रंग २के पीयूमध्ये, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन रंगात, वरच्या पारदर्शक थराशिवाय (क्लिअरशिवाय) मारता येतो. वरपासून खालपर्यंत थर रंगाचाच, त्यामुळे कारवीचे वरवरचे ओरखडे २००० नंबरच्या पेपरने पाणी मारत घासून, कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट) फिरवून जातात. चरा खोल गेला तरी एकटं मडगार्ड रंगवून भागतं. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे कण कसे बसले यावर छटा ठरते. कोट ओला पडला की कण खाली बसतात आणि रंग गडद दिसतो. कोरडा पडला की तेच कण वर राहून उजळ दिसतात. स्प्रे गनचं अंतर आणि हवेचा दाब बदलला तरी फरक पडतो. डबा तोच, फॉर्म्युला तोच, तरी दरवाजा वेगळा दिसतो. हा फरक लपवायला शेजारच्या पॅनलवर रंग विरवत न्यावा लागतो आणि वर पूर्ण पॅनलला क्लिअर. एका चऱ्यापायी तीन पॅनल. महिन्यातून दोनदा मुरबाड-कर्जतच्या रानवाटांवर जाणाऱ्याने मेटॅलिक घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता सॉलिडमध्ये पांढरा आणि वाळूचा, ही खरी लढत.

पांढरा उन्हात सगळ्यात कमी तापतो, कुठेही मिळतो आणि टचअप स्वस्तात होतो. मात्र ‘पांढरा’ म्हणून मागू नका. निळसर, पिवळसर असे त्याचे बरेच प्रकार आहेत, कंपनीचा कलर कोड घेऊनच जा. डांबराचे ठिपके आणि जांभ्याच्या मातीचे तांबडे डाग त्यावर लगेच दिसतात. गंजाचा ओघळही दिसतो, पण ही आम्ही जमेची बाजू धरतो. ऐरोली, वाशी, बेलापूर अशा खाडीकाठच्या खारट हवेत दरवाजाच्या खालच्या कडेचा गंज जितका लवकर दिसेल तितका बरा. पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात मात्र पांढरी गाडी विरघळून जाते. फॉग लॅम्प चालू ठेवावेच लागतात.

वाळूचा किंवा फिकट खाकी रंग धूळ आणि वाळलेला चिखल पोटात घेतो. पांढऱ्यापेक्षा थोडा जास्त तापतो, काळ्याच्या मानाने काहीच नाही. खाली फिकट राखाडी प्रायमर असेल तर चरा चार पावलांवरून दिसत नाही. अडचण दोन ठिकाणी. शेड टिंटर (छटा बदलणारे मूळ रंग) मिसळून बनवलेली असेल तर फॉर्म्युला लिहून घेतल्याशिवाय पुढच्या वेळी जुळत नाही. आणि गंजाचा ओघळ या रंगात मिसळून जातो, म्हणून वर्षातून दोनदा गाडी लिफ्टवर चढवून कडा तपासायच्या. तरीही रान जास्त आणि ऑफिस कमी असेल तर आमचं मत वाळूच्या बाजूने. रोज ठाणे-बेलापूर रोडवर उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर पांढरा.

सॉलिड राखाडी धूळ झाकण्यात वाळूच्या जवळपास जातो, पण संधिप्रकाशात आणि पावसात रस्त्याशी एकरूप होतो.

काळ्यात कारवीची प्रत्येक काडी पांढरी रेघ ओढून जाते. शिवाय लांबीतली (खड्डे भरायच्या पुट्टीतली) लाट काळा लपवत नाही, उलट आरशासारखी दाखवतो. पेपरमागे सपाट ठोकळा (ब्लॉक) लावून घासकाम नीट न करणाऱ्या गॅरेजमध्ये काळा मारून घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

लाल, पिवळा, नारिंगी धुक्यात आणि उंच गवतात उठून दिसतात; ताफ्याने जाणाऱ्यांना हे उपयोगी. पण यांची झाकणी, म्हणजे खालचा थर झाकायची ताकद, कमी. खाली एकसारखा पांढरा किंवा फिकट थर नसेल तर लांबीचे ठिगळ वर दिसतात, आणि जिथे पांढरा दोन कोटांत भरतो तिथे पिवळ्याला तीन-चार लागतात. लाल उघड्या पार्किंगमध्ये आधी बोनेटवर विटतो.

मॅट नको. पॉलिश केलं की तिथे चकाकी येते, आणि चरा काढायला पूर्ण पॅनल पुन्हा मारावं लागतं.

लष्करी ऑलिव्ह ग्रीन विचारातच घेऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवतो. दुसरा कुठलाही रंग बदलायचा तरी आरसीवर रंगाची नोंद असते. एमएच-०४ असेल तर ठाण्याच्या, एमएच-४३ असेल तर नवी मुंबईच्या आरटीओत आधी परवानगी, काम झाल्यावर नवी नोंद. विमा कंपनीलाही कळवायचं.

रंग ठरला तरी जून ते सप्टेंबर उघड्या शेडमध्ये काम देऊ नका. थिनर उडताना पत्रा गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि चकाकी जाऊन पांढुरकी झाक येते. पीयूचा हार्डनर पाण्याशी लागला की बारीक फोडही येतात. कंप्रेसरच्या लाइनला हवेतलं पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप आहे का, ते स्वतः बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले. थारएवढ्या गाडीला, दरवाजांच्या कडा धरून, सॉलिड रंग साधारण ३ ते ४ लिटर लागतो. पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारून घ्या आणि तो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही, बाहेर उन्हात धरून पसंत करा. उरलेल्यातला पाव लिटर, हार्डनर न मिसळलेला, घट्ट झाकणाच्या डब्यात घरी आणा आणि झाकणावर फॉर्म्युला लिहून ठेवा.